कोणते केसलर?

शबॉयगनला आठव्या रस्त्यावर औषधांचं दुकान,
काउंटरमागे मी.
दार उघडलं की मिशिगन तळ्याचा गारठा आधी आत येतो,
मग गिऱ्हाईक.
"केसलर," म्हणतं, दातांनी हातमोजा ओढत.
मी विचारते, "कोणते?"

आमच्या संगणकात केसलर एकोणतीस.
त्यांत वॉल्टर तीन:
एक रक्तदाबाचा, एक साखरेचा,
एक थायरॉइडचा, जो दर मंगळवारी येतो
गोळ्या संपल्या नसल्या तरी.
इतकं फोफावलेलं नाव मग नाव राहत नाही,
जन्मतारखेवर निभावतं.

एका मंगळवारी त्यानं माझ्या कोटावरची पट्टी वाचली.
"टॅम-बॅट. म्हणजे वटवाघूळ?"
नाही हो, म्हटलं, तांबट. तांबं ठोकणारे.
हंडे, घंगाळी, बंब.
त्यानं चष्मा कपाळावर चढवला.
मागे चौघं खोकत उभी.
"अगं, मग तू केसलरच की!
केसेल म्हणजे हंडा. तो घडवणारा,
भोक पडलं तर झाळून देणारा, तो केसलर."

त्याची बहीण लोरेन हे मानत नाही.
तिच्या मते केसेल म्हणजे खोलगट दरी.
आपण त्या दरीतले,
पाठीवर भाता घेऊन दारोदार कल्हई करणारे नव्हे.
सत्तर वर्षं चाललाय वाद, नाताळच्या जेवणावर.
मी कुणाची बाजू घेतली नाही.
हंडा काय, दरी काय,
वरून पडेल ते धरून ठेवायचं, एवढंच काम.

एकोणीसशे अठरा साली मात्र
त्याच्या आजोबांच्या दुकानाची काच
रात्रीतून कुणी पिवळ्या रंगानं फासली.
आठवड्यात पाटी बदलली: केटल.
म्हणजे आपली किटली.
अर्थ जवळपास तोच, वरून कल्हई इंग्रजी.
पुढे वडिलांनी कोर्टात फी भरून नाव परत आणलं,
काकानं नाही आणलं.
प्लिमथच्या वाटेवरल्या दफनभूमीत
दोघे भाऊ शेजारी आहेत म्हणे,
एक हंडेवाला, एक किटली,
मधे हातभर गवत, आणि बोलणं बंद.

"तुम्ही कधी भांडं घडवलंत?" मी विचारलं.
"एकेचाळीस वर्षं बाथटबना इनॅमल चढवलं, कारखान्यात.
तू?"
मी? माझे वडील विमा कंपनीत.
हातोडा पणजोबांबरोबर गेला.
माझ्याकडे एक तांब्या आहे फक्त, मठारलेला.
आईशी फोनवर बोलताना माझा अंगठा
त्याचे ठोके मोजत राहतो,
दर वेळी आकडा वेगळा.

परवा एक नवीच मुलगी आली, विशीतली, नाकात खडा.
"केटल," म्हणाली.
संगणकात एकच, तरी मी तारीख विचारली.
सवय.
थायरॉइडची गोळी. तीच ताकद, तोच रंग.
ती बाकावर जाऊन बसली.
बाकाच्या दुसऱ्या टोकाला वॉल्टर,
मंगळवार होता ना.
कपाळ त्याचंच वाटलं मला तिचं. भासही असेल.

कायद्यानं मला बोलता येत नाही.
कुणाचं दुखणं कुणासारखं,
हे काउंटरच्या आतच राहतं.
मी ताटली पुढे ओढली,
पट्टीनं गोळ्या सारू लागले,
पाच, दहा, पंधरा,
पत्र्यावर बारीक टकटक.
मग गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच हाक मारली,
"केटल!"
आणि मधे श्वासही न घेता,
"केसलर!"

दोघं एकदम उठली.